पाटीवरून 'काटेकोर' काढावा

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती बाई, वय एकाहत्तर, धंदा कवळ्या करणे, सध्या हात कापतो म्हणून धंदा बंद, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो कोणाला पुरेसा वाटला नाही तर त्याने माझ्यासमोर बसून दोन वाक्ये बोलून बघावीत. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, दडपणाने किंवा गोड बोलण्याने केलेले नाही. रागाच्या भरात करता का, असे हा कागद लिहून घेणाऱ्या वकिलीणबाईंनी विचारले. राग येतो आणि जातो. मला शिसारी आली आहे, आणि ती काही केल्या जात नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम १. माझी माणसे

कायद्याने माझा वारस एकच, माझा मुलगा. या कागदात मी त्याला चिरंजीव म्हणणार आहे, कारण सध्या त्याला नावाने हाक मारायची मला इच्छा नाही. सूनबाईंबद्दल तक्रार नाही. त्या नवऱ्याची री ओढतात, पण संसार करायचा तर तेवढे चालते. माझे यजमान वारले आहेत.

माझी थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, माझ्याजवळ राहते. आई लवकर गेली. माझी वेणीफणी, माझी शाळा, पुढे माझे बाळंतपण, सगळे तिने केले. मी मागच्या खोलीत कवळ्यांचे मेण वितळवत बसायची तेव्हा चिरंजीवांना भरवायची, न्हाऊ घालायची, झोपवायची तीच. तिने लग्न केले नाही. शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवले आणि घरी येऊन पुन्हा बोलत राहिली. भाजी निवडता निवडता ती भाजीशीसुद्धा बोलते. म्हणजे बोलायची.

कलम २. दीर आणि दोरी

माझे राहते घर, पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची कामाची खोली आणि परसू, हे सगळे माझ्या स्वकष्टाचे आहे. कागद माझ्या नावावर आहेत आणि ते वकिलीणबाईंकडे आहेत. विजेचे बिल यजमानांच्या नावाने येते, एवढ्या आधारावर दिरांनी अर्ध्या घरावर हक्क सांगितला होता. यजमानांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, तोवर ते दोरी घेऊन आले आणि परसू मोजू लागले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, वाटणी काटेकोर झालेली बरी, मागून कटकट नको." सख्ख्या भावाच्या मागे माणूस असा उकिडवा बसून जमीन मोजत होता. ताईने त्यांना चहा दिला. मी दिला नसता.

दिरांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही. दोरी मात्र इथेच राहिली होती, ती त्यांची त्यांना परत करावी.

कलम ३. 'काटेकोर' या शब्दाविषयी

वकिलीणबाई म्हणाल्या की शब्द ही मालमत्ता नव्हे, त्याचे कलम होत नाही. मी म्हटले, माझ्या मुलाने तो हातभर अक्षरांत पाटीवर लिहून त्यावर दुकान थाटले आहे, मग मालमत्ता नाही तर काय? त्यांनी लिहून घेतले.

हा शब्द माझ्या घरात यजमानांबरोबर आला. ते वेळेचे काटेकोर होते असे सगळे सांगतात. ते असे की, जेवायला जरा उशीर झाला की ताट पुढे सरकवायचे आणि चप्पल घालून बाहेर पडायचे. ओट्यावर बसायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे की या घरात माणूस उपाशी आहे. आत मी आणि ताई त्या ताटाकडे बघत बसायचो. गल्लीत मात्र त्यांचे कौतुक. माणूस कसा, अगदी काटेकोर. पुढे मला कळले की ज्याला कोणाला काही द्यायचे नसते त्याला लोक काटेकोर म्हणतात, ज्याला कोणाचे ऐकायचे नसते त्यालाही म्हणतात, आणि जो दुसऱ्याच्या चुका काढत फिरतो त्याला तर म्हणतातच. चांगल्या शब्दाचे पायपुसणे करून टाकले आहे.

हा शब्द खरा कसा वापरायचा ते मी ज्यांच्याकडे काम शिकले त्यांनी शिकवले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या तोंडात हा शब्द स्वतःबद्दल कधी आला नाही. मी पहिली कवळी केली तेव्हा म्हाताऱ्या शिंपिणीच्या तोंडात ती बसवून उत्साहाने विचारले, "बसली ना बरोबर?" ती म्हणाली, हो, छान बसली. मास्तरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "बसली का विचारलंस तर माणूस हो म्हणणारच. माणसं भिडस्त असतात. तू कुठे टोचतंय ते विचार." मी परत जाऊन तसे विचारले. शिंपिणीने लगेच बोट घालून तीन जागा दाखवल्या.

तेव्हापासून आमच्या कामाची ही रीत. कवळी तोंडात बसवायची, कुठे टोचतंय विचारायचे, काढून तेवढीच जागा घासायची, पुन्हा बसवायची, पुन्हा विचारायचे. टोचतच नसेल असे धरून चालायचे नाही. टोचते आहे असे धरायचे आणि फक्त जागा विचारायची. माणूस आपणहून दुसऱ्या विषयावर बोलायला लागला की काम संपले. काटेकोरपणा म्हणतात तो हाच. तो आपल्या फुटपट्टीवर संपत नाही, समोरच्याच्या तोंडात संपतो. ज्याने समोरच्याला विचारलेच नाही त्याचे काम तंतोतंत असेल, चकचकीत असेल, काटेकोर नसेल. हे माझे मत नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे, आणि चिरंजीव माझ्या मांडीला मांडी लावून तो शिकले आहेत.

कलम ४. काय झाले

हे कलम मृत्युपत्रात कशाला, असे चिरंजीव म्हणतील. पुढच्या कलमांत त्यांना जे मिळणार किंवा मिळणार नाही, त्याचे कारण इथे आहे.

मला अर्धांगाचा झटका आला आणि मी दवाखान्यात पडून होते. त्या दिवसांत ताईची कवळी धुताना हातातून निसटून मोरीत फुटली. ती कवळी मीच केली होती. ताईचा पुढचा एक दात जन्मापासून किंचित तिरका होता, तोही मी तसाच तिरका बसवला होता, म्हणून कवळी घातली तरी ती हसली की तीच वाटायची. फुटली तर फुटली. मुलगा त्याच धंद्यात, हमरस्त्यावर त्याचे दुकान, आत कवळ्या करणारे मोठे यंत्र, बाहेर पाटी 'काटेकोर'. काळजीचे कारण नव्हते.

मी घरी आले तेव्हा ताईने दार उघडले. तोंडात न्हाणीघराच्या फरशीसारखे पांढरे, एका ओळीत उभे असलेले दात. गालफडे बसलेली. मला वाटले, मी आजारी म्हणून ती वाळली. तिने मला धरून आत नेले, उशी लावली, पाणी दिले, पण बोलली नाही. मला घरी सोडायला आलेल्या सूनबाई कौतुकाने म्हणाल्या की नव्या कवळीपासून ताई किती शांत झाल्या आहेत. जेवताना ताई पाव दुधात भिजवून, पाठ वळवून खात होती. मी दोन दिवस हे बघितले. तिसऱ्या दिवशी मी तिला खिडकीपाशी बसवले आणि कवळी काढायला लावली.

आधी वास आला. मग मी बोट आत घातले. खालच्या हिरडीला मागे दोन्ही बाजूंना जखमा होत्या, एक तर इतकी खोल की बोटाचे टोक त्यात बसले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडात हात घातले आहेत, मला किळस येत नाही. त्या दिवशी मला ओकारी आली. ती जखमेची नव्हती. मी विचारले, ताई, दुखतं ना? तिने मान हलवली. म्हणाली, "नाही गं. नवीन आहे, होईल सवय." माझ्याकडे बघितले नाही.

चिरंजीवांना बोलावले. ते यंत्राने काढलेला मापांचा कागद घेऊनच आले. मी विचारले, "माप कशावरून घेतलंस?"

"तुझ्या फळीवरच्या साच्यावरून," ते म्हणाले. "तुझ्याच हातचा आहे आई, त्यात चूक कशी निघेल?"

फळीवरचा साचा ताईच्या तोंडाचाच, पण तिचे दात काढले तेव्हाचा होता. दात गेले की हिरडीखालचे हाड वर्षागणिक झिजत जाते. कवळी जुनीच राहते, तोंड बदलते. म्हणून दर वर्षी मी तिची कवळी आतून भरून घ्यायची. साचा मात्र प्लास्टरचा, तो कशाला झिजतो? चिरंजीवांनी त्या जुन्या तोंडाची, जे आता या जगात कोणाचेच नाही, तंतोतंत कवळी केली आणि आपल्या मावशीच्या आजच्या तोंडात कोंबली. मी विचारले, तिला समोर बसवून माप का घेतले नाही? म्हणाले, तिला कशाला त्रास, जिने चढायचे, आ करून बसायचे. आणि तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ ना, केसाचा फरक नाही."

मी म्हटले, तिच्या हिरडीला भोक पडलंय.

"मावशी स्वतः सांगते दुखत नाही. मी विचारलं होतं तिला, बसली ना नीट? ती हो म्हणाली." मग बरोबर आलेल्या सूनबाईंकडे वळून, "आईला चूकच काढायची आहे."

ताई आमच्या दोघांच्या मधे उभी होती. तिने ती कवळी माझ्या हातातून घेतली, धुतली आणि आमच्यासमोर पुन्हा तोंडात घातली. डोळ्यांत पाणी आले ते तिने पदराने पुसले आणि चिरंजीवांना खुणेने सांगितले, जा, कामाचा खोळंबा होईल. ते गेले. जाताना त्यांनी मावशीच्या खांद्यावर थोपटले.

यंत्राशी माझे भांडण नाही. यंत्राला जे दिले ते त्याने इमानाने केले. भांडण आहे ते हातात कागद धरून जिवंत माणसाला खोटे पाडणाऱ्याशी. आणि ज्या बाईने त्याला घास भरवताना आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहिला, गरम तर नाही, तिला.

कलम ५. सध्याची स्थिती

ती कवळी मी काढून घेतली आहे. ती पाकिटात बंद करून वकिलीणबाईंच्या कपाटात ठेवली आहे. जखमा भरत आल्या आहेत. माझा हात कापतो, त्यामुळे मला नवी कवळी करता येत नाही. दुसऱ्या दुकानात जाऊ म्हटले तर ताई उठून आत जाते. दुसरीकडे गेले तर पोराचे काम वाईट होते असे गावभर होईल, हे तिचे म्हणणे. पोराने पुन्हा करावी म्हटले तर चिरंजीव म्हणतात, चूक नसताना पुन्हा का करू? तिने तोंड मिटून घेतले आहे आणि त्याने डोळे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचे कोणाला. म्हणून कायद्याला सांगते.

कलम ६. ठेवी

बँकेतील माझ्या सर्व ठेवी ताईला मिळाव्यात. तिने त्या कोणाला उसन्या देऊ नयेत. कोणाला म्हणजे कोणाला हे तिला माहीत आहे.

कलम ७. घर

ताई हयात असेपर्यंत घरात राहण्याचा हक्क तिचा आहे. तिला कोणी मागच्या खोलीत, माळ्यावर किंवा वृद्धाश्रमात हलवू नये. तिच्यानंतर घर कोणाचे, हे पुढील अटीवर ठरेल. चिरंजीवांना या घरात दुकानाची दुसरी शाखा काढायची आहे, त्यासाठी ते परसात येऊन भिंती ठोकून बघतात, हे मला दिसत होते. म्हणून अट घराला लावली आहे.

अट अशी. चिरंजीवांनी ताईला खुर्चीत बसवावे. स्वतः तिच्यासमोर स्टुलावर बसावे, माणूस पाठवू नये. तिच्या आजच्या तोंडाचे माप स्वतःच्या हाताने घ्यावे. कवळी पाहिजे तर यंत्राने करावी. बसवल्यावर 'बसली ना' हे शब्द उच्चारू नयेत. कुठे टोचते ते विचारावे आणि ती सांगेपर्यंत हलू नये. ती लवकर सांगणार नाही, कारण ती त्याच्यावर माया करते. ही अडचण त्याची आहे, त्याने सोडवावी. कवळी झाल्यावर तिने डॉक्टर आणि वकिलीणबाई यांच्यासमोर सफरचंदाची फोड दातांनी तोडून खावी आणि नंतर तिला वाटेल त्या विषयावर, तिला कंटाळा येईपर्यंत, बोलावे. दोघांना ते सगळे ऐकावे लागेल. त्यांनी मान्यता दिली आहे.

हे झाले तर ताईच्या मागे घर चिरंजीवांचे. माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत झाले नाही तर ताईच्या मागे घर विकावे आणि ती रक्कम तिच्या शाळेला द्यावी. माझ्या मरणापर्यंत थांबायची गरज नाही. या कागदाची एक प्रत आजच चिरंजीवांना वाचून दाखवावी, असे मी वकिलीणबाईंना सांगितले आहे.

कलम ८. पाटी

वरील अट पूर्ण होईपर्यंत चिरंजीवांनी दुकानाच्या पाटीवरून 'काटेकोर' काढावा. कायद्याने मला हे करायला लावता येत नाही असे वकिलीणबाई म्हणतात. बरे. मग आई म्हणून सांगते. त्या जागी दुसरा कोणताही शब्द लिहावा. 'चकचकीत' चालेल.

कलम ९. हत्यारे आणि साचे

माझ्या कानशी, मेणाच्या सुऱ्या, बर्नर आणि पॉलिशचे यंत्र हे सर्व माझ्याकडे पॉलिश करायला येणाऱ्या बाईला द्यावे. चिरंजीवांनी आपल्या दुकानातून तिला ती हळू आहे म्हणून काढून टाकले होते. ती हळू आहेच. बडबड फार करते आणि चहा मागते. तरी द्यावे.

फळीवर ओळीने साचे आहेत. पोस्टमन, शिंपीण, बेकरीवाला, हेडमास्तर, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिले आहे. ते सगळे फोडून परसातल्या खड्ड्यात भरावेत, ताईचा आधी. यातली बरीच माणसे गेली आणि जी आहेत त्यांची तोंडे आता तशी नाहीत. कोणाच्या तरी आळसाला ते सोयीचे पडू नयेत.

कलम १०. माझ्या मागे

माझ्या मागे लोक येतील आणि बोलतील. बाई फार काटेकोर होत्या, असे कोणीतरी म्हणणार. त्याला थांबवावे. माझ्या हातची कवळी ज्यांच्या तोंडात आहे फक्त त्यांनीच म्हणायला हरकत नाही. दिरांनी तर अजिबात म्हणू नये. आणि ताईला त्या दिवशी उपाशी ठेवू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलीणबाईंनी करावी. त्या माझ्याकडे आईची कवळी करायला आल्या होत्या, तेव्हापासून ओळख आहे.

सही करण्याआधी

सही करण्याआधी हा सगळा कागद मी मागच्या खोलीत मोठ्याने वाचला. ताईला यातून लाभ आहे म्हणून ती साक्षीदार होऊ शकत नाही, पण खोलीतून बाहेर जायलाही तयार नव्हती. वाचून झाल्यावर ती काहीतरी बोलली. दात नसले की तिचे बोलणे हिरड्यांतच राहते. डॉक्टरांना कळले नाही, वकिलीणबाईंना कळले नाही. ज्या बाईने गल्लीतल्या निम्म्या पोरांचे उच्चार घासून स्वच्छ केले, तिला तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागले. तरी कळेना, तेव्हा ती उठून माझ्या कानाशी आली.

ती म्हणाली, "सगळं दे त्याला. आणि हे खोड. मला एवढं दुखत होतं ते त्याला कळू देऊ नकोस."

दुखत होते हे तिने पहिल्यांदा कबूल केले. मी वकिलीणबाईंना ते वाक्य जसेच्या तसे इथे लिहायला सांगितले, कारण ती स्वतः दुखत नाही म्हणते, याच आधारावर चिरंजीव उभे आहेत. मी लिहायला लावते आहे हे बघून ताईने पेन धरलेला माझा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. तिने तो अजून सोडलेला नाही.

म्हणून खालची सही डाव्या हाताची आहे. ती वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे, आणि मी ती शुद्धीवर केली आहे.

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्यासमोर सही झाली. बहिणीने हात धरल्याचे आम्ही पाहिले.

साक्षीदार पहिला: बाईंना तपासणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या वकिलीणबाई

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच